स्पायडरमॅन, लिझर्ड आणि घरच्यांना न सांगितलेल्या गोष्टी

पानगळ
स्पायडरमॅनचे व्हिलन म्हटले की चर्चा ग्रीन गॉब्लिन, डॉक ऑक नाहीतर व्हेनमवर जाते. मला या सगळ्यांत लिझर्डची गोष्ट जास्त भिडते आणि त्याचं कारण मारामारी नाही, त्याची बायको आहे. म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा सहावा अंक, नोव्हेंबर १९६३. डॉ. कर्ट कॉनर्स हा सैन्यातला सर्जन, युद्धात उजवा हात गेला, म्हणजे सर्जनचं सगळंच गेलं. मग फ्लोरिडात दलदलीच्या बाजूला घर करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर संशोधन सुरू, पालीची शेपटी परत येते तर माणसाचा हात का नाही येणार म्हणून औषध बनवतो, स्वतःवरच घेतो, हात येतो सुद्धा, आणि हातापाठोपाठ बाकीचं अंगही सरड्याचं होऊन बसतं. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, तिकडे पोचतो, या प्राण्यांचा जाणकार कोण म्हणून कॉनर्सच्या घरी जातो तर तिथे भेटते मार्था, त्याची बायको.

आता तिच्या बाजूने बघा. नवऱ्याचं हे असं झालेलं, बाहेर बोभाटा झाला तर लोक त्याला गोळ्या घालणार, पदरात लहानगा बिली, आणि समोर तोंड झाकलेला एक परका माणूस. तरी ती त्याला सगळं सांगते. तिने सांगितलं म्हणून पीटरला कळतं की हे जनावर नाही, कुणाचा तरी बाप आहे, आणि मग तो कॉनर्सच्याच लॅबमध्ये बसून उतारा बनवतो आणि झटापटीत त्याच्या घशात ओततो. मार्था गप्प राहिली असती तर त्या दिवशी कॉनर्स वाचला नसता एवढं नक्की.

आणि हाच पीटर परत जाऊन त्याला वाढवणाऱ्या मे काकूला काय सांगतो? काही नाही! स्पायडरमॅन आला ऑगस्ट १९६२ मध्ये. काकू आणि पुतण्या समोरासमोर बसून खरं बोलले तो अंक २००२ चा. चाळीस वर्षं. परक्या बाईने याच्यावर पाच मिनिटांत जो विश्वास टाकला तो याला स्वतःच्या घरात टाकायला चाळीस वर्षं लागली, ही गोष्ट मला फार लागते. तुम्हाला काय वाटतं, पीटर हे नक्की कधी शिकला? की शिकलाच नाही?

चिंचबोरं
सुंदर धागा. मार्थाचा विचार असा कधी केलाच नव्हता. वाचतेय.

सह्यकडा
पानगळ, मुद्दा पोचला पण मला पटला नाही. पीटर लपवतो ते हौस म्हणून नाही हो. नॉर्मन ऑस्बॉर्नला, म्हणजे ग्रीन गॉब्लिनला, १९६६ मध्ये कळलं की स्पायडरमॅन कोण, आणि १९७३ मध्ये १२१ व्या अंकात त्याने पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून फेकलं, ती गेली. २००६ मध्ये सिव्हिल वॉर या कथेच्या वेळी त्याने टीव्हीवर कॅमेऱ्यांसमोर मुखवटा काढला, पुढच्याच वर्षी काकूला गोळी लागली. ज्याच्या मागे असली माणसं लागलीयत त्याने घरच्यांना अंधारात ठेवलं तर त्याला अविश्वास म्हणणं मला अन्याय वाटतो. पोलीस किंवा गुप्तचर खात्यात असलेली माणसं सुद्धा घरी सगळं नाही सांगत.

पानगळ
सह्यकडा, तुम्ही ग्वेनचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण माझ्या मते तेच सगळ्यात मोठं उलट उदाहरण आहे.

ग्वेन गेली तेव्हा तिच्या आसपास कोणाकोणाला माहीत होतं बघा. ऑस्बॉर्नला माहीत होतं. तिच्या वडिलांना, कॅप्टन स्टेसींना माहीत होतं, ते १९७० च्या नोव्हेंबरच्या अंकात पीटरच्या हातात प्राण सोडतात तेव्हा त्याला नावाने हाक मारून ग्वेनला सांभाळ म्हणतात. पीटरला अर्थातच माहीत. म्हणजे मारणाऱ्याला माहीत, बापाला माहीत, प्रियकराला माहीत, आणि जिच्या जिवावर बेतणार होतं तिला एकटीला माहीत नाही. आपल्यावर कोण आणि का डूख धरून आहे हे तिला कळलं असतं तर ती कदाचित शहर सोडून गेली असती, कदाचित नसती गेली, पण तो निर्णय तिचा असता. लपवल्याने शत्रूपासून काहीच लपलं नाही, फक्त तिच्यापासून लपलं.

आणि सिव्हिल वॉरचं म्हणाल तर टीव्हीवर जगाला सांगणं आणि स्वयंपाकघरात बसून काकूला सांगणं या दोन गोष्टी एक कशा? तोवर काकूला कळून चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत तिच्या तोंडून कुठेही काही फुटलं नाही. गोळी आली ती टीव्हीमुळे.

सह्यकडा
ग्वेनबद्दलचा मुद्दा जबरदस्त आहे, मान्य. मारणाऱ्याला माहीत आणि तिला नाही, हे असं मांडलेलं पहिल्यांदा वाचलं. तरी बिलीसारखं लहान मूल असेल तर काय, त्याच्यावर हे ओझं टाकायचं का, हा प्रश्न माझा राहतोच.

निशिगंध
जरा विषयाच्या कडेने, पण शाळेत जीवशास्त्र शिकवते म्हणून राहवत नाही. पालीचं शेपूट तुटतं ते ती स्वतःच तोडते, ठरावीक जागी मणक्यात तशी सोयच असते, आणि नवीन येतं त्यात मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. म्हणून नवीन शेपूट रंगाला आणि आकाराला थोडं वेगळं दिसतं, भिंतीवरच्या पालीचं नीट बघितलं तर कळतं. आणि मुख्य म्हणजे पालीचा किंवा सरड्याचा पाय तुटला तर तो शेपटीसारखा परत येत नाही! पाय हाडासकट परत वाढवणारे ते सॅलॅमँडर, मेक्सिकोतला अॅक्झोलोटल त्यातला प्रसिद्ध. म्हणजे कॉनर्सने हातासाठी प्राणीच चुकीचा निवडला. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम जागा होतो.

पण मला कॉनर्सबद्दल खरं वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. औषध स्वतःवर घेण्याआधी त्याने कोणालाच नीट विचारात घेतलं नाही. पीटर आणि कॉनर्स दोघं एकाच रोगाचे रोगी आहेत, मी एकटा निस्तरतो, हा तो रोग.

अवकाशवेडा
निशिगंधताई शेवटचं वाक्य शंभर टक्के. आणि याचा पुरावा म्हणजे अंक १०० ते १०२, साल १९७१. कोणीच अजून बोललं नाही म्हणून लिहितो.

पीटर वैतागलेला असतो, ग्वेनशी लग्न करून साधं आयुष्य जगायचं म्हणून स्वतःच एक औषध बनवतो की आपल्या शक्ती जाव्यात, पितो, झोपतो, आणि उठतो तेव्हा बरगड्यांतून आणखी चार हात आलेले. एकूण सहा हात! म्हणजे इतकी वर्षं ज्या विचित्र प्राण्यांशी लढला तसाच स्वतः झाला. ग्वेनसमोर तर जाऊच शकत नाही. आणि तेव्हा तो मदत कोणाकडे मागतो? कर्ट कॉनर्सकडे. तो त्याला लाँग आयलंडवरचं आपलं घर आणि लॅब वापरायला देतो, पुढे मॉर्बियस नावाचा व्हँपायर येतो, मध्येच कॉनर्सचा परत लिझर्ड होतो, आणि शेवटी मॉर्बियसच्या रक्तातूनच दोघांवर उपाय निघतो. मॉर्बियस तेव्हाच येऊ शकला त्यालाही कारण आहे, अमेरिकेत कॉमिक्सवर जी सेन्सॉरची नियमावली होती तिच्यात व्हँपायरला बंदी होती ती त्याच वर्षी उठली.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पीटर आयुष्यात पहिल्यांदा हात पसरतो तो अशा माणसापुढे ज्याने हेच भोगलंय. घरच्यांपुढे नाही. ज्याला समजावून सांगावं लागणार नाही त्याच्याशी बोलणं सोपं असतं. घरी सांगायचं तर आधी त्यांचे चेहरे बघावे लागतात.

९४ च्या कार्टूनमध्ये पण हे घेतलंय, दुसरा सीझन जवळजवळ सगळा यावरच आहे, आधी सहा हात आणि नंतर पूर्ण कोळीच होतो. त्या मालिकेचा पहिला भाग सुद्धा लिझर्डचाच होता. लहानपणी तो कोळी झालेला पीटर बघून मी रात्री आईच्या कुशीत झोपायचो.

उसगावकर
मला २०१२ च्या सिनेमाबद्दल बोलायचंय, अँड्र्यू गारफिल्डचा, ज्यात लिझर्डच आहे आणि आपला इरफान खान पण आहे. लोक त्याला नावं ठेवतात, मला तो मनापासून आवडतो आणि या धाग्यासाठी तर तो अगदी मुद्द्याचा आहे.

विल्यम्सबर्ग पुलावर लिझर्ड गाड्या उचलून फेकतोय, एका गाडीत एक छोटा मुलगा अडकलाय, गाडी पुलाखाली जाळ्यावर लटकतेय आणि पेट घेतेय. मुलगा इतका घाबरलाय की हलतच नाही. पीटर काय करतो, आपला मुखवटा काढतो. सांगतो की बघ मी पण साधा मुलगाच आहे, आणि तो मुखवटा त्याच्याकडे देतो, हा घाल, यानं बळ येईल. पोरगं मुखवटा घालून सरसर वर चढून येतं. जी गोष्ट जपायला घरी खोटं बोलतो ती तो एका परक्या मुलाला घालायला देतो. थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या काकांनी डोळे पुसले होते.

आणि त्याचं पुढे काय होतं बघा. त्या मुलाचा बाप क्रेनवाला असतो. शेवटी पीटर पायाला गोळी लागून लंगडतोय, ऑस्कॉर्प कंपनीच्या टॉवरपर्यंत पोचता येत नाहीये, तेव्हा हा बाप बाकीच्या क्रेनवाल्यांना फोन करकरून रस्त्यावरच्या सगळ्या क्रेन रांगेत आडव्या करायला लावतो, याला झोके घेत जाता यावं म्हणून. तिकडे ग्वेन लॅबमध्ये उतारा तयार करतेय, तिला पीटरने स्वतःच सगळं सांगितलंय म्हणूनच ती तिथे आहे. उतारा ती वडिलांच्या हातात देते, ते तो घेऊन गच्चीवर जातात. एकूण हिशोब केला तर लिझर्डला हरवायला पाच-सहा जणांचे हात लागलेत आणि त्यातला एकही सुपरहिरो नाही.

चिंचबोरं
उसगावकर, आणि अंडी!! अंडी विसरलात. काकूने आधी अंडी आणायला सांगितलेली असतात आणि तो विसरत असतो, मग सगळं संपल्यावर रात्री ठेचकाळलेल्या तोंडाने घरी येतो, काकू काही विचारत नाही, जवळ घेते, आणि तो पाठीवरच्या पिशवीतून अंड्यांचा खोका काढून देतो. तिला कळलंय हे तिच्या तोंडावर दिसतं. एक शब्द नाही. मी तो सीन मागे नेऊन नेऊन बघितलाय.

रुजवात
पहिल्यांदाच लिहितेय इथे. कॉमिक्स फार वाचली नाहीत, सिनेमे मुलांबरोबर पाहिलेत. पण धागा वाचून एक सांगावंसं वाटलं.

मी नर्स आहे, २०२० मध्ये कोविड वॉर्डात ड्युटी होती. घरी सगळ्यांना सांगायचे की माझ्याकडे हलकं काम आहे, काळजी करू नका. का सांगायचं नाही तर सासूबाईंना बीपी, मुलगी लहान. दारात चप्पल काढली की सरळ बाथरूम, कोणाशी बोलायचं नाही, चिडचिड मात्र भरपूर. सासूबाईंनी एक दिवस दारातच विचारलं, वॉर्डातच आहेस ना गं तू. मी रडले. दुसऱ्या दिवसापासून मी यायच्या वेळेला दाराबाहेर बादलीत गरम पाणी आणि साबण ठेवलेला असायचा, बाथरूमच्या खिडकीत धुतलेला गाऊन, आणि मुलीला त्या मागच्या खोलीत गोष्ट सांगत बसायच्या, मी अंघोळ करून बाहेर येईपर्यंत. त्यांचं बीपी वाढलं नाही, उलट हाताला काम मिळाल्यावर त्या शांत झाल्या. न सांगता त्या जास्त घाबरत होत्या.

सह्यकडांनी विचारलं होतं लहान मुलाचं काय. माझ्या मुलीला आम्ही एवढंच सांगितलं की आई आजारी माणसांकडून आलीय, धुतल्याशिवाय जवळ जायचं नाही. तिला तेवढं पुरलं. सगळं नाही सांगितलं पण खोटं पण नाही सांगितलं.

सह्यकडा
रुजवात, प्रतिसाद दोनदा वाचला. सासूबाईंना नमस्कार सांगा. लहान मुलाचं उत्तर मला मिळालं.

पानगळ
रुजवातताई, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं लिहिलंत. पीटर नुसता मुखवटा काढायला घाबरत नाही, तो समोरच्याला काम द्यायला घाबरतो. २००२ च्या त्या अंकात तेच आहे. काकूने त्याला मार खाऊन झोपलेला बघितलंय, शेजारी फाटका ड्रेस. नंतर दोघं बोलायला बसतात. अख्खा अंक नुसतं बोलणं, एक गुद्दा नाही. पीटर शेवटी सांगून टाकतो की ज्या चोराला मी जाऊ दिलं त्यानेच बेन काकांना मारलं. आणि काकू म्हणते की त्या रात्री आमचं भांडण झालं होतं, ते त्यामुळेच बाहेर पडले होते, इतकी वर्षं मला वाटतंय की माझ्यामुळे गेले. दोघं एकाच माणसाच्या मरणाचा दोष वेगवेगळ्या खोल्यांत बसून स्वतःला देत होते. याने आधी तोंड उघडलं असतं तर काकूचं ओझं तरी हलकं झालं असतं.

जाईजुई
त्याआधी ४०० व्या अंकात, १९९५ ला, काकू मरताना सांगते की मला केव्हापासून माहीत होतं. तो अंक वाचून मी ढसाढसा रडले होते आणि मग तीन वर्षांनी कळलं की ती काकू नव्हतीच, तिचं सोंग घेतलेली नटी होती. फार राग आला होता, अजून आहे. इतका सुंदर निरोप लिहायचा आणि परत पुसायचा.

मेरी जेनचं, पुढे त्याची बायको झालेल्या मैत्रिणीचं, पण घ्या. १९८४ ला ती त्याला तोंडावर सांगते की मला माहीत आहे तू कोण ते. नंतर १९८९ मध्ये दाखवलं की बेन काका गेले त्या रात्रीच तिने खिडकीतून त्याला बाहेर पडताना पाहिलं होतं. म्हणजे ज्यांच्यापासून लपवत होता त्यांच्यातल्या निम्म्यांना आधीपासून माहीत होतं, आणि त्या याच्यासाठी गप्प होत्या. यातला एकटेपणा बघा, दोन्ही बाजूंनी.

अवकाशवेडा
जाईजुई, मेरी जेन म्हटलं की स्पायडर आयलंड ही कथा. २०११, अंक ६६६ ते ६७३. जॅकल नावाचा व्हिलन ढेकणांतून विषाणू पसरवतो, आधी मॅनहॅटनमधल्या लोकांना कोळ्याच्या शक्ती येतात, सगळे खूश, आणि मग एकेकाचे राक्षसी कोळी व्हायला लागतात. ज्यांना वाचवायचं तेच अंगावर येतायत. शेवटी पीटर एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या टोकावर उभा राहून शेकडो छोटे ऑक्टोबॉट (यंत्रमानव) एकाच वेळी चालवून उतारा सगळीकडे पोचवतोय, आणि त्याला घट्ट धरून उभी आहे मेरी जेन. तिला सगळं माहीत आहे म्हणून ती तिथवर पोचली. आणि त्याच गोष्टीत त्याची तेव्हाची मैत्रीण कार्ली, पोलिसांच्या फोरेन्सिक लॅबमध्ये काम करणारी हुशार मुलगी, स्वतःच ताडते की हा स्पायडरमॅन आहे आणि त्याला सोडून जाते, खोटं बोललास म्हणून. शहर वाचलं त्याच दिवशी घर मोडलं. कार्लीचं मला शंभर टक्के पटतं.

मृद्गंध
मला ग्वेनच्या दुनियेतली, म्हणजे जिथे कोळ्याच्या शक्ती पीटरऐवजी ग्वेनला मिळतात तिथली, गोष्ट सगळ्यात जास्त चटका लावते, तिथे पीटरच लिझर्ड होतो. सगळे त्याला छळत असतात, त्याला पण ग्वेनसारखं व्हायचं असतं, औषध घेतो, आणि ग्वेन ज्या राक्षसाशी लढतेय तो आपला मित्र आहे हे तिला तो मरताना कळतं. तिने त्याला सांगितलं नव्हतं, त्याने तिला सांगितलं नव्हतं. वर तिचे वडील पोलीस कॅप्टन आणि त्यांच्या लेखी पीटरची खुनी ही मुखवटेवालीच.

२०१४ च्या कॉमिकमध्ये ती वडिलांसमोर मुखवटा काढते तेव्हा ते तिला म्हणतात, माझं मन बदलायच्या आत निघून जा. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' सिनेमात ते जास्त कठीण केलंय, बाप मुलीवर पिस्तूल रोखून तिला तिचे हक्क वाचून दाखवायला लागतो, आणि ती निघून जाते. म्हणून मला या धाग्यात एवढंच जोडायचंय की विश्वास टाकला की लगेच गोड होतं असं नाही. बापाला वेळ लागला. शेवटी ती परत येते तेव्हा त्याने कॅप्टनपद सोडलेलं असतं, तिच्यासाठी. पण मधले दिवस तिने एकटीनेच काढले ना.

त्याच सिनेमात आपला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर आहे, मुंबट्टन नावाच्या शहरातला, आणि तो सिनेमा भारतात दहा भाषांत आला त्यात मराठी होती. माझ्या भाच्याने मराठीतच पाहिला. पवित्र मूळचा २००४ च्या कॉमिकमधला, गावाकडून मुंबईत आलेला धोतरवाला, भीमकाका आणि मायाकाकूकडे राहणारा. त्याच्या नव्या गोष्टीत तरी मायाकाकूला लवकर कळू दे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपल्याकडच्या काकूपासून एवढ्याशा खोलीत काय लपणार आहे.

निशिगंध
मृद्गंध, दुसरा परिच्छेद फार महत्त्वाचा. आणि याची दुसरी टोकाची बाजू म्हणजे २०१० ची शेड नावाची कथा, तोवर मार्था कॅन्सरने गेलेली असते आणि लिझर्ड बिलीला मारतो. मी ती परत वाचू शकले नाही. मार्था घरात होती तोवर कॉनर्स प्रत्येक वेळी परत येत होता, हे पानगळांच्या पहिल्या पोस्टला धरून आहे.

रुजवात
मुलगी आता दहा वर्षांची आहे. रविवारी तिच्यासोबत तो २०१२ चा बघायचा म्हणतेय, अंड्यांवाला. तिला झेपेल का? पुलाचा भाग भीतीदायक आहे का?

उसगावकर
पुलाचा भाग तिला आवडेल. शाळेत लिझर्ड घुसतो तिथे जवळ बसा, आणि शेवटी गच्चीवर कॅप्टन स्टेसी जातात ते आधीच सांगून ठेवा, अचानक आलं तर लागतं. उंदराचा एक सीन आहे लॅबमधला, तिथे डोळे मिटा म्हणा. बाकी बिनधास्त बघा, आणि तिला काय वाटलं ते इथे नक्की लिहा.